मुलगी अकरावी सायन्सला आहे, बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी आत्तापासून काय करावी?

गणवेशवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. पीसीएमबी घेतलंय, म्हणजे गणितही आणि बायोही, कारण तिचं काही ठरत नाही आणि मला ठरवता येत नाही. दहावीला ९१ टक्के होते. माझा अशोक चौकाच्या मागं शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. आमच्या घरातनं सायन्सला गेलेलं हे पहिलंच माणूस. त्यामुळं विचारावं असं कुणी नाही, आणि न विचारता सांगणारे ढीगभर.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आमचा सीझन मार्च ते जून. शाळा उघडायच्या आत माल पोचला नाही तर वर्ष गेलं. त्या दिवसांत कटिंग मास्टर रुसला तरी त्याची समजूत काढायला मला वेळ नसतो. आणि बारावीनंतरचं सगळं, परीक्षा, निकाल, दाखले, नेमकं त्याच महिन्यांत येतं म्हणतात. त्या वेळी तहसीलच्या रांगेत उभं राहायला मी मिळणार नाही. म्हणून आधी जे उरकता येईल ते दीड वर्षात उरकून ठेवावं म्हणतोय.

मेहुणा म्हणतो, लातूरला टाका, डोळे झाकून. एक क्लासवाला घरी येऊन गेला. त्यांचं एका कॉलेजशी टायअप आहे, कॉलेजला जायची गरजच नाही म्हणे, परीक्षेपुरतं जायचं. दोन वर्षांची फी अशी सांगितली की तेवढ्यात माझ्याकडं नवीन ओव्हरलॉक मशीन आलं असतं आणि वर पैसे उरले असते. शेजारी म्हणतात, निकाल तर लागू दे, आत्तापासून कशाला डोक्याला ताप.

तर विचारायचं हे: जातीचा दाखला आहे, ओबीसी. व्हॅलिडिटी नाही. ती कधी करायची? नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढून ठेवू का? सीईटी, जेईई, नीट, तिन्ही द्यायच्या का? आणि पुण्याला पाठवायला बायको अजिबात तयार नाही, मी निम्मा तयार आहे, त्याचं काय करायचं ते बघू नंतर.

---

सेतूवाली_अक्का

दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडं हाच प्रश्न घेऊन लोक येतात ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात, घामाघूम होऊन, प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून. मी विडी घरकुलाकडं महा ई-सेवा केंद्र चालवते. अभ्यासातलं मला काही कळत नाही, ते इथले सरलोक सांगतील. पण एक सांगते. मार्क पोरगी आणेल, कागद तुम्हाला आणायचेत. आणि कागदाला मार्कांपेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिलं काम व्हॅलिडिटीचं. आजच हातात घ्या. जात वैधता म्हणजे तुमच्या जातीच्या दाखल्याची समितीकडून पडताळणी. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कशालाही ओबीसीतून जागा हवी असेल तर नुसत्या दाखल्यावर भागत नाही. वैधता वेळेत आली नाही तर पोरगी खुल्या प्रवर्गात धरली जाते, मग कितीही रडा. प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो. अकरावीतच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. बहुतेक ठिकाणी बारावीत गेल्यावर गर्दी होते, त्याआधी तुमची फाईल तयार असली तर क्लार्कसुद्धा प्रेमाने बोलतो.

यात खरा घोळ होतो तो जुन्या पुराव्याचा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात होतं आणि जात तीच होती, हे दाखवावं लागतं. भटक्या-विमुक्तांना १९६१ चं वर्ष आहे, एससी-एसटींना १९५० चं. म्हणजे तुमचा दाखला कामाचा नाही, तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा लागणार. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तुमच्या सख्ख्या किंवा चुलत भावाच्या पोराची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर लॉटरी लागली समजा. ती वडिलांच्या बाजूची पाहिजे, मेहुण्याची चालत नाही. बाकी सल्ले द्यायला मेहुणा चालतोच.

नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला, आत्ता काढू नका. मुदत असते त्याला. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असायला लागतं. तुम्ही आज काढलं आणि मधेच संपलं तर परत सगळी रांग. ते बारावीच्या वर्षात काढा, तारीख बघून. त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, तर तुमची रिटर्न, हिशोब नीट ठेवा. ईडब्ल्यूएसवाले, म्हणजे आर्थिक दुर्बल गटातले, हे वाचत असतील तर तुमचं अजून वेगळं, तो दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचाच, एप्रिल उजाडल्याशिवाय काढून उपयोग नाही.

आता नाव. हसू नका, पण माझ्याकडं सगळ्यात जास्त रडारड यावर होते. आपल्या सोलापुरात आडनावं तेलुगू, कन्नड, मराठी, सगळी. एकाच घरात बापाच्या आधारवर एक स्पेलिंग, पोराच्या दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, बँकेत तिसरं. आज रात्री जेवण झालं की पोरीची दहावीची मार्कलिस्ट आणि आधार कार्ड शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर लावून बघा. फरक असेल तर मार्कलिस्ट प्रमाण धरून आधार दुरुस्त करा. तेवढं काम चौकात होतं. मार्कलिस्टच चुकीची असेल तर शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडं जावं लागतं, ते लांबतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मठिकाण आणि 'भारतीय' असं लिहिलेलं आहे का तेही बघा. पोरीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं काढा आणि त्याला आधार जोडा, शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात. डोमिसाईल, म्हणजे राज्याच्या रहिवासाचा दाखला, काढून ठेवा, त्याला मुदतीची भानगड नाही.

फीचं म्हणाल तर तुम्हाला कुणी सांगितलं का माहीत नाही. २०२४-२५ पासून सरकारने मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केलीय. उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतनं, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतनं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला तर नाही मिळत. होस्टेल, मेस, बाकीचे आकार यात नाहीत, ते खिशातनंच. म्हणून कुणी एजंट 'तुमची सीट मॅनेजमेंटमधून फिक्स करतो, फरक काही नाही' म्हणाला तर फरक किती लाखांचा आहे ते आधी मोजा.

तुमच्या कारखान्यात कुणा बाईच्या घरी विड्या वळत असतील तर तिलाही सांगा. विडी कामगारांच्या पोरांना केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला वर्षाला २५,००० पर्यंत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. घरकुलात एवढी घरं विडीवाल्यांची, आणि फॉर्म भरायला येणारी थोडीच.

---

हुतात्मा_एक्सप्रेस

काका, मी सोलापूरचाच, जुळे सोलापूरला घर. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अक्कांनी कागदाचं सांगितलं, मी परीक्षेचं सांगतो.

तिन्ही परीक्षा द्या असं पीसीएमबीवाल्यांना सगळेच सांगतात, आणि बारावीच्या डिसेंबरात त्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत. फॉर्म तिन्ही भरता येतात, अभ्यास तिन्हीचा होत नाही. जेईई इंजिनिअरिंगची, तिला बायो नाही. नीट मेडिकलची, तिला गणित नाही. अकरावीच्या सहामाहीपर्यंत दोन्ही करू द्या, मग तिलाच विचारा की कंटाळा आल्यावर कुठलं पुस्तक उघडतेस. तिथनं एक बाजू मुख्य धरायची. दुसरा विषय बोर्डापुरता.

सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, आपल्या बोर्डाच्या पुस्तकावर असते. पीसीएमला २०० मार्क, तीन तास. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न एकेका मार्काचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बाकी बारावी. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची आहे. इथंच बरीच पोरं मार खातात, फिजिक्सला घाबरतात आणि गणित गृहीत धरतात.

जेईई मेन वेगळं जनावर आहे. ७५ प्रश्न, ३०० मार्क, चुकलं की एक मार्क वजा, आणि अकरावी-बारावी दोन्ही सारखीच. वर्षातनं दोन सत्रं, जानेवारी आणि एप्रिल. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना जायचं असेल तर हीच. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या पोरांना असतात, हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं. शिवाय बोर्डात ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये पाहिजे. म्हणून बोर्डाला वाऱ्यावर सोडू नका.

आता पुण्याचं. काकूंना सांगा, पुणे आपल्याला तसंही सहज घेत नाही. खाजगी कॉलेजात साधारण ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या भागात बारावी झालेल्यांना, आणि ३० टक्के बाहेरच्यांना. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत वाटप जरा वेगळं असतं. आपलं होम म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. पुण्याच्या कॉलेजात आपण त्या ३० टक्क्यांत भांडतो. तोच पर्सेंटाइल असलेल्या पुण्याच्या पोराला आधी मिळतं.

सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षांचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात. शेकडो पानं, घाबरायचं नाही. त्यात कोड असतात. कोडचं पहिलं अक्षर एल असेल तर मुलींची जागा, जी असेल तर सर्वसाधारण. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुमच्या मुलीला पुण्यासाठी एलचं आणि ओचं बघायचं, सोलापूर-पंढरपूरसाठी एलचं आणि एचचं. हे एवढं कळलं की पैसे घेणारा कौन्सिलर तुम्हाला जे सांगतो त्यातलं निम्मं घरी बसून कळतं.

आणि मेहुण्याला सांगा, इंजिनिअरिंग करायचं असेल तर बारावी लातूरच्या कॉलेजातनं दिल्यावर होम विद्यापीठ नांदेडचं होतं. सोलापूरच्या कॉलेजात मग ती बाहेरची.

---

लातूररिटर्न

वरचं होम युनिव्हर्सिटीचं बरोबर आहे, पण ते इंजिनिअरिंगला. मेडिकलचा ७०:३० विभागीय कोटा २०२० मध्येच रद्द झाला, त्यामुळं नीटवाल्यांना लातूरमुळं तोटाही नाही आणि पूर्वीसारखा फायदाही नाही. माझा मुलगा दोन वर्षं लातूरला होता. तिथं सगळं गावच अभ्यासाला बसलेलं असतं, ते वातावरण सोलापुरात नाही हे मान्य करा. पण मुलगा स्वतःहून म्हणाला होता म्हणून पाठवला. तुमच्या पोस्टमध्ये मेहुणा बोलतोय, तुम्ही बोलताय, क्लासवाला बोलतोय. मुलगी कुठंय?

---

फिजिक्सचे_सर

मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, कॉलेजचं नाव सांगत नाही. टायअपबद्दल दोन शब्द, थोडे कडू आहेत.

'कॉलेजला यायची गरज नाही' हे वाक्य ऐकलं की पालकांना फायदा वाटतो. बोर्डाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे, तो कसा 'सांभाळला' जातो हे विचारा त्यांना. पण नियम सोडा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत ७० मार्कांची लेखी आणि ३० ची प्रॅक्टिकल आहे. दरवर्षी बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला माझ्यासमोर अशी मुलं उभी राहतात ज्यांनी व्हर्निअर कॅलिपर आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेलं असतं. एमसीक्यू पटापट सोडवतात, पण व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीवर कुठं वाचायचं ते माहीत नाही. मार्क मिळून जातात, तो भाग वेगळा. त्या मुलाला इंजिनिअर व्हायचं असतं याचं मला वाईट वाटतं.

क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. संध्याकाळचा, एखाद-दोन विषयांचा, ज्यात ती कच्ची आहे तेवढा लावा. सकाळी कॉलेज पाहिजेच.

दुसरं, अकरावी. अकरावीचे मार्क बारावीच्या निकालात धरत नाहीत, त्यामुळं अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असा आपल्याकडं समज आहे. बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. ज्याने अकरावीत व्हेक्टर आणि गतीचे नियम केले नाहीत त्याला तो धडा कन्नडमधून शिकवला काय आणि मराठीतून शिकवला काय. (हे कन्नड न येणाऱ्यांसाठी.) गणितात त्रिकोणमितीचं तसंच. म्हणून अकरावीचा शेवट आणि बारावीची सुरुवात यामधली उन्हाळ्याची सुट्टी आहे ना, तिच्यात अकरावीचं कच्चं राहिलेलं पक्कं करून घ्यायचं. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायचं नसतंच, ती वेळ आयती मिळते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. नीट करायचं असेल तर मात्र एनसीईआरटी, कारण तिथला प्रश्न त्या पुस्तकातल्या ओळीवरून येतो.

तुमच्या सीझनचं म्हणाल तर तुम्ही घाबरलाय तितकं वाईट नाही. जेईईच्या पहिल्या सत्राचा फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतो. सीईटीचा डिसेंबर-जानेवारीकडं. नीटचा साधारण फेब्रुवारीत. म्हणजे फॉर्म तुमच्या सीझनच्या आधीच भरून होतात. बोर्डाची लेखी फेब्रुवारीत सुरू होते. मार्च ते मे तुम्ही कारखान्यात, ती परीक्षेत, दोघं एकमेकांच्या वाटेत येणार नाही. आणि कॅपची नोंदणी, पर्याय भरणं, फेऱ्या हे जूनअखेर ते ऑगस्ट. तोवर तुमच्या शाळा उघडलेल्या असतात.

अवघड महिना आहे तो जानेवारी. गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची यात्रा, मागोमाग जेईई मेन, मागोमाग प्रॅक्टिकल. अकरावीच्या जानेवारीत तिला पोटभर गड्डा फिरू द्या.

---

गणवेशवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. मार्कलिस्ट आणि आधार जुळवलं. आडनावात एक 'ए' जास्त आहे, आधारवर. उद्याच जातो.

लातूररिटर्न साहेब, तुमचं शेवटचं वाक्य बायकोने दोनदा वाचून दाखवलं.

अक्का, एक अडचण. माझे वडील शाळेत गेले ते अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या गावी, शाळा कन्नड माध्यमाची. दाखला घरात नाही, वडीलही आता नाहीत. रजिस्टर असेल तर ते कन्नडमध्ये असणार. समिती ते धरते का? आणि आजोबा तर शाळेतच गेले नव्हते.

---

सेतूवाली_अक्का

धरते की ओ. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची अशी किती प्रकरणं येतात. गावच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, वडिलांचं नाव, अंदाजे जन्मसाल, कुठल्या वर्षांत शाळेत होते ते लिहा. आडनाव नुसतं मराठीत शोधू नका, तेव्हा कधी बापाच्या नावाने, कधी गावाच्या नावाने लावायचे. नोंद सापडली की जनरल रजिस्टरच्या त्या पानाचा सही-शिक्क्याचा उतारा घ्या आणि त्याचं मराठी भाषांतर करून जोडा. भाषांतर कुणाकडनं करून घेतलेलं चालतं ते समितीच्या कार्यालयात आधी विचारा, म्हणजे दोनदा खर्च नाही. जाताना रिकाम्या दिवशी जा. परीक्षेच्या दिवसांत गुरुजींना जुनं कपाट उघडायला लावलं तर ते 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणारच.

आजोबा शाळेत गेले नसले तरी जन्मले तर होतेच. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, गाव नमुना १४, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तुमच्या वडिलांच्या जन्माची नोंद त्यात आजोबांच्या नावावर असते, बऱ्याचदा जातीसकट. नक्कल मागायची. काही पानं मोडीत असतात, तीसुद्धा वाचून देणारे असतात. हे सगळं जोडून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं. त्यात नावं कागदावर जशी आहेत तशीच लिहा, घरात हाक मारतो ती नको.

ही पळापळ आहे म्हणूनच म्हटलं आजपासून. जूनमध्ये हे करलालेत ते लोक माझ्या दुकानासमोर बसून राहतात.

---

गणवेशवाला_सोलापूर

बाबांच्या अकाउंटवरून मी लिहितेय. लातूररिटर्न काका, मी इथंच आहे.

मला डॉक्टर व्हायचं नाही. हे मी बाबांना सांगितलंय, पण त्यांना वाटतं मार्क आले की मत बदलेल. बायो मी आवडतं म्हणून घेतलंय. मी सुट्टीत कारखान्यात बसते. तिथं एक गोष्ट मला कायम खटकते. एकाच शेडचं टेरीकॉट मागवलं तरी दुसऱ्या लॉटचा रंग थोडा वेगळा येतो. ट्यूबलाइटखाली सारखा दिसतो आणि बाहेर उन्हात नेला की वेगळा. बाबा व्यापाऱ्याशी भांडतात, मला ते असं का होतं हे कळून घ्यायचंय. याचं शिक्षण असतं का? का ते केमिस्ट्रीच असतं? आणि पर्याय भरताना किती कॉलेजं टाकायची असतात?

---

हुतात्मा_एक्सप्रेस

असतं की! मुंबईची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, तिथं तंतू आणि कापड प्रक्रियेची स्वतंत्र बी.टेक. शाखा आहे. रंगाई, छपाई, फिनिशिंग, सगळं त्यातच येतं. मुंबईच्याच व्हीजेटीआयला टेक्स्टाईल आहे, नांदेडच्या एसजीजीएसला आहे, इचलकरंजीच्या डीकेटीईला आहे. सीईटी द्यावी लागते, म्हणजे गणित सोडू नकोस. संगणक शाखेमागं सगळा महाराष्ट्र लागलाय, त्या मानाने टेक्स्टाईलचे कटऑफ बरेच खाली असतात. इचलकरंजी दुसऱ्या विद्यापीठात येतं, तिथले ओचे आकडे बघ.

आपल्या सोलापुरात चादरी, टॉवेल, गणवेश, सगळं असून टेक्स्टाईलला जाणारी पोरं मला फारशी भेटली नाहीत. सगळे कॉम्प्युटर. मीसुद्धा कॉम्प्युटरच.

---

फिजिक्सचे_सर

ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात वेगळा, याला मेटामेरिझम म्हणतात. दोन लॉटमधल्या रंगद्रव्यांचं मिश्रण वेगळं असतं. एका प्रकाशात दोन्ही डोळ्याला सारखे दिसतात, प्रकाशातल्या तरंगलांबीचं वाटप बदललं की फरक उघडा पडतो. म्हणून रंग जुळवणारे लोक वेगवेगळ्या दिव्यांच्या पेटीत नमुना बघतात. बाबांना सांग, व्यापाऱ्याकडं माल घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायचा.

हा प्रश्न तू वर्गात विचारला असतास तर मला तास पुरला नसता. तुला मुळातलं शास्त्रच आवडतंय असं वाटलं तर आयसरची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची परीक्षाही दे. ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो, चारही विषयांचे १५-१५. पीसीएमबीवाल्यांचा खरा उपयोग तिथंच होतो. पुण्याचं आयसर घरापासून एका रेल्वेच्या अंतरावर आहे, आईला तसं सांग. त्या परीक्षेचा अर्ज कॅपशी जोडलेला नाही, स्वतंत्र भरावा लागतो, बारावीच्या निकालाची वाट न बघता.

---

सेतूवाली_अक्का

बाळा, पर्याय मोजून टाकायचे नसतात. आवडीच्या क्रमाने टाकायचे. सगळ्यात वर जिथं मनापासून जायचंय ते, मग कटऑफ कितीही वर असो. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, कॉम्प्युटर वरनं खाली बघत येतो आणि जे बसेल तिथं थांबतो. मात्र जिथं तू जाणारच नाहीस ते नाव भरायला जागा आहे म्हणून टाकू नकोस. पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचं लागलं तर घ्यावंच लागतं. २०२५-२६ ला दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही लागलं तरी हाच नियम होता. तुझ्या वर्षी काय असेल ते माहितीपुस्तिकेत बघ, नियम बदलत राहतात.

यादी बारावीच्या दिवाळीत वहीत लिहायला घे आणि दर महिन्याला खोड. आईला त्या यादीतली दोन-तीन कॉलेजं आधी दाखवून आण, होस्टेलसकट. बाया होस्टेल बघितल्याशिवाय तयार होत नाहीत, मीही झाले नव्हते.

फॉर्म भरायला माझ्याकडं ये किंवा कुणाकडंही जा, पण खुर्चीवर शेजारी तू बस आणि शेवटचं बटण तू दाब. आणि लॉगिन, पासवर्ड, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. मलाही नाही.